कपाट सात, खालून दुसरा कप्पा

ए पंख्याखालच्यांनो,
मोबाइल पालथे घाला जरा.
वायफायचा पासवर्ड देतो,
आधी पाच मिनिटं माझी.

कपाट सात, खालून दुसरा कप्पा.
कव्हर नाही. पहिली चार पानंही नाहीत,
तेव्हा नाव विचारू नका.
रजिस्टरात मी नुसतं ‘पाण्याचं’ लिहिलंय.

त्यात एक शहर आहे.
तिथं चौदावं लागलं की पोरांना
धान्याच्या काट्यावर उभं करतात
आणि सांगतात, एवढं पाणी प्यायलात, फेडा.
मग धरणाच्या कोरड्या पोटात सोडून देतात,
चाळीस दिवस, एक घागर, एक खुरपं.
भरून आणाल तर नाव मिळेल.
तोवर आकडा.

ती बावीस आहे.
साठाव्या पानापर्यंत एक शब्द बोलत नाही,
आणि बोलते तेव्हा पहिला शब्द
शिवी असतो.
(घरी सांगू नका मी दिलं म्हणून.)

मुंग्यांच्या मागं जाते ती.
फाटक्या ताडपत्रीवरचं दव जिभेनं टिपते.
तिच्याबरोबर एक लहानगा आहे,
काट्यावर कुणीच न चढवलेला,
ज्याचं वजन शहराला माहीतच नाही.

खोटं सांगत नाही,
मधली तीस पानं रटाळ आहेत,
नकाशाच समजावत बसलाय लिहिणारा.
खुशाल सोडा.
आणि शेवट मला पटला नाही.
तुम्हाला पटला तर भांडायला या,
मी सहा वाजेपर्यंत असतो.

माझं सांगतो.
बत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा छापल्या,
सायरनला आत, सायरनला बाहेर,
गेटवर खिसे उलटे करून.
हातांना अजून शाईचा वास येतो असं बायको म्हणते.
तर या पुस्तकात एके रात्री
बावीसला गाळात नोटांचं पुडकं सापडतं.
ती मोजत नाही.
पोराला थंडी वाजते म्हणून पेटवते.
नीट जळतसुद्धा नाहीत, दमट असतात.
मी पुस्तक मिटलं.
दोन दिवस कपाटाकडं गेलो नाही.

तेजल बोरस्तेची आई भांडायला आली होती,
असलं काय देता हो पोरींना, झोपत नाही ती.
म्हटलं, चाळून तर बघा.
घेऊन गेली.
तीन आठवडे झाले, दंड चढतोय,
दुसरी प्रत होती म्हणून बरं.

आणि अर्सलान कोकणी, दहावी ब.
रात्रीत संपवून सकाळी शटरपाशी उभा.
काका, आपलं पाणी कुठून येतं?
म्हटलं, नळातून.
हसला नाही.
मग रविवारी दोघं गंगापूर धरणावर गेलो,
बस बदलून, डब्यात चिवडा.
मे महिना. काठापासून खूप खाली पाणी,
भेगाळलेल्या गाळावर कुणाची तरी चप्पल.
तो खाली उतरला नाही.
पुरात आपण दुतोंड्या मारुतीकडं बघतो ना, म्हणाला,
पाणी गुडघ्याला आलं, छातीला आलं.
मग हे कमी झालेलं
कुणाच्या अंगावर मोजायचं?

मला उत्तर आलं नाही.
साठी उलटलेल्या माणसाला
पंधरा वर्षांच्या पोरापुढं गप्प बसवणारी पुस्तकं
या कपाटांत फार नाहीत.
म्हणून सांगतोय.

भीती वाटेल. वाटू द्या.
पण शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून वाचा,
बघा, शंभराव्या पानापुढं
घोट किती जपून घेता ते.

चौदा दिवस. नंतर रोज एक रुपया.
कोपरे दुमडलेत तर रागावणार नाही,
उलट बघत असतो, कोण कुठं थांबलं.
बहुतेकांनी एकशे एकेचाळीसचा दुमडलाय.
तिथं काय आहे ते विचारू नका.

हां, पासवर्ड.
तो भिंतीवरच लिहिलाय की,
माठाच्या वर. केव्हाचा.